लेकीला त्रिमितीय भूमिती दिसतच नाही, काय करू?

जिरावण | २६ सप्टेंबर, रात्री १०.५०

मंडळी, रडगाणं आहे, आधीच सांगते.

लेक बारावीत आहे. सीबीएसई, पीसीएम. सकाळी शाळा, दुपारनंतर इंदूरच्या भंवरकुआला क्लास, घरी यायला रात्रीचे नऊ. गणित तिच्या आवडीचं. इंटिग्रेशन घेऊन बसली की पोहे गार होतात तरी उठत नाही. पण व्हेक्टर (लांबी आणि दिशा असलेल्या राशी) आणि थ्रीडीचं पान उघडलं की चेहरा पडतो. परवाच्या चाचणीत त्या भागात १४ पैकी ४.

पेपर मी बघितला. मी कॉमर्सवाली, गणित कळलं नाही, पण लाल शाई कळते. सूत्रं सगळी बरोबर लिहिली होती. एका रेषेत (१ − एक्स)/३ असं दिलं होतं, तिने दिशेचा आकडा ३ धरला. हवा होता −३. दुसऱ्या गणितात दोन रेषा छेदतात का असं विचारलं होतं. तिचं उत्तर "नाही", खरं उत्तर "हो". मी म्हटलं, घाई झाली असेल. तर म्हणते, "आई, घाई नाही गं. मला दिसतच नाही. फळ्यावर तीन रेघा काढतात, एक आडवी, एक उभी, एक तिरकी, आणि म्हणतात ही तिरकी तुझ्याकडे येतेय. कुठे येतेय? ती तर फळ्यावरच आहे!"

क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "इमॅजिन मत करो बेटा, फॉर्म्युला लगाओ."

फॉर्म्युला लावूनच तर १४ पैकी ४ आले ना! कोणाच्या मुलांना असं झालंय का? काही उपाय? नवीन क्लास सुचवू नका, दिवसाचे तास संपलेत.

रामबागकर | २६ सप्टेंबर, रात्री ११.१५

ताई, आमच्या वेळी मला टूडी पण दिसत नव्हती. आज किराण्याचं दुकान आहे, व्यवस्थित चाललंय. 😄

निवृत्त_खडू | २७ सप्टेंबर, सकाळी ६.४०

जिरावणताई, मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ती तिरकी रेघ फळ्यावरच असते. आम्ही मास्तर लोक तीस-तीस वर्षं ती काढतो, म्हणून आम्हाला ती बाहेर आलेली दिसते. मुलांना का दिसावी?

आज एवढंच करा. तिला खोलीच्या एका कोपऱ्यात, जमिनीलगत, भिंतीला पाठ लावून बसवा. तो कोपरा म्हणजे आरंभबिंदू. उजव्या-डाव्या भिंतींच्या खालच्या कडा म्हणजे एक्स आणि वाय, आणि डोक्यामागून छताकडे जाणारी उभी कड म्हणजे झेड. जमीन आणि दोन भिंती ही तीन प्रतलं. आता पंख्याच्या खालच्या टोकाचे निर्देशक, म्हणजे तिन्ही कडांच्या दिशेने अंतरं, तिने टेप घेऊन मोजायचे. मग स्विच, मग घड्याळ. वही नको, पेन नको. घड्याळ भिंतीवर आहे म्हणजे त्याचा एक निर्देशक शून्य, हे तिला कोणी सांगावं लागणार नाही.

नंतर उणे चिन्हं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल, तर तिथल्या सिलिंडरचा एक निर्देशक उणे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा झेड उणे. एका कोपऱ्याभोवती वर चार खोल्या आणि खाली चार, हेच ते आठ अष्टमांश. पुस्तकात त्याचा तक्ता असतो आणि मुलं तो पाठ करतात. आठ खोल्यांचा पत्ता कोणी पाठ करतं का?

खोलीची मापं काय आहेत? १२ बाय ९ आणि उंची ८ फूट असेल तर मजाच आहे. १४४ + ८१ + ६४ = २८९, म्हणजे या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत बरोब्बर १७ फूट. सुतळी ताणून बघायला सांगा. त्या सुतळीचे डायरेक्शन कोसाइन, म्हणजे प्रत्येक बाजू भागिले सुतळीची लांबी: १२/१७, ९/१७, ८/१७. वर्गांची बेरीज १ का येते, हे सुतळीच सांगेल.

जाता जाता, विषय सोडून. मी शिकलो मराठी माध्यमात आणि शिकवलं हिंदी माध्यमात. त्यामुळे माझ्या डोक्यात प्रतलाचं समतल झालं, घनफळाचं आयतन आणि वृत्तचितीचं बेलन. बेलन मला मनापासून आवडला, पोळपाटाशेजारीच सापडतो. पण आपली "इष्टिकाचिती" मात्र सोडवत नाही. इष्टिका म्हणजे वीट! शब्दातच ठोकळा ठेवलाय.

कढीपत्ता | २७ सप्टेंबर, सकाळी ९.०५

मी बडोद्याची, मुलगा गेल्या वर्षी बारावी झाला. एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण आम्ही यात दोन महिने वाया घालवले. जुनी गाइडं वापरत असाल तर जपून. एनसीईआरटीने अभ्यासक्रम कमी केला तेव्हा बारावीच्या अकराव्या प्रकरणातून प्रतलाचा अख्खा भाग काढला. म्हणजे प्रतलाचं समीकरण, दोन प्रतलांमधला कोन, बिंदूचं प्रतलापासून अंतर, सगळं. बोर्डाला आता मुख्यतः रेषाच. ८० पैकी १४ गुण व्हेक्टर आणि थ्रीडी मिळून. पण आयआयटी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्डच्या अभ्यासक्रमात प्रतल आहेच. ती देणार असेल तर वेगळं करावं लागेल.

आणि खरं सांगू? प्रतल काढल्याने प्रकरण सोपं झालं नाही, अवघड झालं. रेषा हवेत लटकतात. प्रतल असलं की निदान टेकायला जागा असते.

वेक्टर_वेताळ | २७ सप्टेंबर, दुपारी १.३०

काका, ताई, रागावू नका, पण मी थोडा उलट बोलणार आहे. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंदुरातच.

"दिसलं पाहिजे" हा हट्ट मला पटत नाही. मलाही बारावीत दिसत नव्हतं. पण दोन व्हेक्टरचे दोन प्रकारचे गुणाकार असतात: डॉट प्रॉडक्ट शून्य आला म्हणजे काटकोन, क्रॉस प्रॉडक्ट शून्य आला म्हणजे समांतर, हे डोळे मिटून चालतं. आता मशीन लर्निंगमध्ये आम्ही ३०० मितींचे व्हेक्टर वापरतो. तीनशे मिती कोणाला दिसतात? कोणालाच नाही. तरी दोन व्हेक्टरमधला कोन काढतोच. व्हेक्टरची गंमतच मुळी न बघता काम होतं यात आहे.

क्लासचे सर अगदीच चुकीचे नाहीत, एवढंच म्हणणं.

निवृत्त_खडू | २७ सप्टेंबर, दुपारी ४.१०

वेताळा, झाडावरून खाली ये. तुझ्या तीनशे मितींमध्ये "कोन" हा शब्द तू कुठून नेलास? दोन मितींत पाहिला होतास म्हणूनच ना?

वेक्टर_वेताळ | २७ सप्टेंबर, दुपारी ४.२५

😄 मान्य, अर्धं.

अर्धा_कप | २७ सप्टेंबर, रात्री ९.४५

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून दोन आणे. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, हा तोच आकार फिरवलेला आहे की वेगळा? गंमत अशी की आकृती जितके जास्त अंश फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त, जवळजवळ सरळ रेषेत वाढणारा. म्हणजे माणसं मनातल्या मनात ती वस्तू खरोखर फिरवत असल्यासारखं वागतात. कोणाचं मन भराभर फिरवतं, कोणाचं सावकाश.

आयांनी लक्षात ठेवावं असं पुढचं आहे. ही क्षमता सरावाने वाढते. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यात सुधारणा दिसली आणि ती टिकलीही. तेव्हा "तिला दिसतच नाही" असं पोरीच्या देखत म्हणू नका. "अजून सवय नाही" म्हणा.

सांवेररोडवाला | २८ सप्टेंबर, सकाळी ८.२०

नमस्कार. आपला सांवेर रोडला फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, पत्र्याचं काम. शिक्षण आयटीआय. गणितातलं फार कळत नाही, पण वेताळभियाने जे लिहिलं ना, न बघता काम होतं, त्यावर माझा एक किस्सा आहे.

सुरुवातीच्या दिवसांत सोयाबीनच्या एका प्लांटसाठी हॉपर, म्हणजे माल खाली सोडायची पत्र्याची पेटी, केला होता. वर चौकोनी तोंड, खाली निमुळता, चारी बाजू ६० अंशांत उतरत्या. पार्टीने सांगितलं होतं, ५५ च्या खाली उतार गेला तर माल अडकतो. मी म्हटलं ६० देतो, बिनधास्त राहा. लावला. आठ दिवसांत फोन, माल चारी कोपऱ्यांत चिकटतोय, पोरं हातोडीने ठोकून राहिलीत.

मी जाऊन उतार मोजला. भिंतीचा ६०, पक्का. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने अँगल मीटर भिंतीवरून उचलला आणि कोपऱ्यातल्या वेल्डच्या रेघेवर ठेवला. ५१ अंश! भिंती ६० च्या आणि त्या जिथे मिळतात ती रेघ ५१ ची. मी रात्रभर झोपलो नाही.

हिशोब नंतर एका पॉलिटेक्निकच्या मुलाने समजावला. भिंतीवरून सरळ खाली आलात तर १ फूट आत सरकताना १.७३ फूट उतरता. पण कोपऱ्यातून येताना तेवढंच उतरायला तिरकं जावं लागतं, १.४१ फूट. म्हणून उतार कमी होतो, ५०.८. आणि दोन पत्र्यांमधला कोन वरून बघितला तर काटकोन दिसतो, पण बेंडिंगला ९० धरलं तर जोड बसणार नाही. तो येतो १०४.५. आज हे सगळं मोबाइलवर निघतं. पण कुठे अँगल मीटर ठेवायचा, ते मोबाइल सांगत नाही ना.

तो हॉपर मी फुकट बदलून दिला होता. अजून लागतो मनाला.

वेक्टर_वेताळ | २८ सप्टेंबर, सकाळी ८.५०

दादा, हे दोन प्रतलांच्या लंबांमधल्या कोनाचं सगळ्यात भारी उदाहरण आहे. लंबांचा डॉट प्रॉडक्ट ०.२५ येतो, कोन ७५.५, आणि १८० मधून वजा केला की तुमचा १०४.५. आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नाही की यात माल अडकतो.

रामबागकर | २८ सप्टेंबर, सकाळी ९.३०

बारावीच्या धाग्यावर सोयाबीन आलं. इंदूर आहे बाबा.

जिरावण | १ ऑक्टोबर, रात्री १०.१०

खडूकाका, कोपरा-प्रयोग झाला. खोली १२ बाय १० निघाली, पण तिने कपाट पुढे ओढून ९ केली! छत खरंच आठ फूट. सुतळी १७ फुटांहून दोन बोटं जास्त भरली, कारण मध्ये झोळ पडला. दोन तास कोपऱ्यात बसून होती. मला वाटलं रुसली की काय. नंतर आजीला बोलावून सांगत होती, "आजी, तुझं देवघर उणे एक्समध्ये आहे." आजी म्हणाल्या, "देवाला उणं काय म्हणतेस गं!"

सांवेर रोडवाल्या दादांचा किस्सा वाचून दाखवला. ती तुमच्या हॉपरचं पुठ्ठ्याचं मॉडेल करतेय.

आता तिचा पुढचा प्रश्न: दोन रेषा समांतर नाहीत आणि छेदतही नाहीत, त्यांच्यातलं "सर्वांत कमी अंतर" मोजायचं कुठून कुठे? सूत्र तिला पाठ आहे, पण म्हणते, या सूत्रात अंतर आहे असं वाटतच नाही.

निवृत्त_खडू | २ ऑक्टोबर, सकाळी ७.००

वा! "सूत्रात अंतर आहे असं वाटत नाही" असं म्हणणारी मुलगी थ्रीडीत कच्ची नाही हो, ताई.

शास्त्री ब्रिजवरून रोज जाता ना? वर रस्ता, खाली रेल्वेचे रूळ. दोन्ही समांतर नाहीत आणि एकमेकांना कापतही नाहीत. हिंदीत यांना विषमतलीय म्हणतात. आता पुलावर कुठे उभं राहून खाली ओळंबा सोडला तर तो रुळावर पडेल? एकाच जागी. त्या ओळंब्याची दोरी रस्त्यालाही लंब आणि रुळालाही लंब. तीच लांबी.

सूत्राकडे असं बघा. पहिल्या रेषेची दिशा घ्या, दुसरीची दिशा घ्या, आणि एका रेषेवरून दुसरीवर जाणारी कुठलीही एक काठी घ्या. या तीन बाजूंचा एक तिरका ठोकळा होतो. सूत्राच्या अंशात जे आहे ते त्या ठोकळ्याचं घनफळ. छेदात जो क्रॉस प्रॉडक्ट आहे तो तळाचं क्षेत्रफळ. घनफळ भागिले तळ म्हणजे उंची! हे सातवी-आठवीचं आहे. उंची म्हणजेच पूल आणि रूळ यांच्यातलं अंतर. काठी कुठलीही घेतली तरी ठोकळा कलंडेल, पण उंची तीच राहील. घनफळ शून्य आलं तर ठोकळा चपटा, म्हणजे पूल रुळाला टेकला, रेषा एकाच प्रतलात आल्या.

तिला गृहपाठ. तीच सुतळी, (०, ०, ०) ते (१२, ९, ८). आणि जमिनीवरच्या (१२, ०, ०) कोपऱ्यातून छताकडे जाणारी उभी कड. दोघींमधलं सर्वांत कमी अंतर किती? आधी सूत्राने काढ. मग सूत्राशिवाय काढ. दुसऱ्यासाठी एकच इशारा: पंख्याच्या जागी जाऊन खाली बघ.

जिरावण | २ ऑक्टोबर, रात्री ९.२०

(मी लेक. आईच्या आयडीवरून.)

काका, सूत्राने १०८/१५ = ७.२ फूट.

सूत्राशिवाय: वरून बघितलं तर उभी कड एक ठिपका होते! आणि सुतळी जमिनीच्या कर्णावर पडते, १५ फूट. मग ठिपक्यापासून कर्णावर लंब. १२ × ९ = १५ × लंब. ७.२.

एका ओळीत!! हे कोणी का नाही सांगितलं? म्हणजे एका रेषेच्या दिशेने डोळा लावून बघायचं, ती ठिपका होते आणि गणित टूडी होतं?

निवृत्त_खडू | २ ऑक्टोबर, रात्री ९.३५

हो बाळा. हेच.

वेक्टर_वेताळ | २ ऑक्टोबर, रात्री १०.००

तुझी ती दुसरी चूक, छेदणाऱ्या रेषा "छेदत नाहीत" आलेल्या, ती मी अंदाजाने सांगतो. दोन्ही रेषांना एकच लॅम्डा (रेषेवरची जागा ठरवणारा आकडा) धरलास ना?

लॅम्डा म्हणजे घड्याळ समज. रेषा म्हणजे माशीची वाट. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, दोन माश्या एकाच जिलबीवरून गेल्या, एक रात्री ९ ला, दुसरी १० ला. वाटा छेदल्या, पण माश्या भेटल्या नाहीत. तुला प्रश्न वाटांचा विचारलाय, माश्यांच्या भेटीचा नाही. म्हणून प्रत्येक माशीला वेगळं घड्याळ: एकीला लॅम्डा, दुसरीला म्यू. तीन समीकरणं, दोन अज्ञात. दोनांतून उत्तर काढायचं आणि तिसऱ्यात घालून बघायचं. बसलं तर छेदतात.

आणि (१ − एक्स)/३ बद्दल: एक्सच्या मागे उणे दिसलं की थांब, अंश आणि छेद दोन्हींना −१ ने गुणून एक्स मोकळा कर, मगच दिशा वाच. इथे बघून काही होत नाही, सवयच लागते.

(मोबाइलवर जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपचं थ्रीडी टाकून ठेव, फुकट आहे. दोन रेषा टाक आणि बोटाने फिरवत एकीला ठिपका कर.)

रामबागकर | ३ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

आता मीपण काहीतरी कामाचं सांगतो, नाहीतर खडूकाका मला बाकावर उभं करतील. दुकानात तीन छोटे आरसे होते. ते खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात चिकटवले आणि आत एक वेलदोडा ठेवला. एकूण आठ वेलदोडे दिसले! एक खरा, सात खोटे. आठ अष्टमांश हेच का? आणि कुठूनही बघितलं तरी कोपऱ्यात माझाच डोळा मला दिसतो. तो का?

वेक्टर_वेताळ | ३ ऑक्टोबर, दुपारी १.१०

काका, तुम्ही किराणा सोडा! एक आरसा एक्सचं चिन्ह बदलतो, दुसरा वायचं, तिसरा झेडचं. चिन्हांच्या आठ जोडण्या म्हणून आठ वेलदोडे. प्रकाशाचा किरण तिन्ही आरशांवर आपटला की त्याच्या दिशेची तिन्ही चिन्हं उलटतात, म्हणजे तो आला तसाच माघारी जातो. म्हणून कुठूनही बघा, स्वतःचाच डोळा. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये असेच बारके कोपरे असतात. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी असे १०० कोपरे चंद्रावर ठेवले, त्यांच्यावर लेसर मारून चंद्राचं अंतर मोजतात. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेला अशा आठ कोपऱ्यांचा छोटा संच आहे.

रामबागकर | ३ ऑक्टोबर, दुपारी १.१५

बायकोला सांगतो. ती म्हणत होती आरसे खराब केले.

जिरावण | १२ ऑक्टोबर, रात्री ८.३०

आज रविवार, सगळे उज्जैनला गेलो होतो. महाकालाचं दर्शन झालं आणि लेकीच्या हट्टाने वेधशाळा. मी एवढ्या वेळा उज्जैनला गेले, पण आत पहिल्यांदाच गेले. सवाई जयसिंगांनी बांधलेल्या पाचांपैकी ही एक, १९२३ मध्ये शिंद्यांनी दुरुस्त करवली.

ते सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी भिंत आहे ना, तिची तिरकी कड उज्जैनच्या अक्षांशाइतकी वर उचललेली, साधारण २३ अंश ११ मिनिटं. म्हणजे ती पृथ्वीच्या आसाला समांतर. लेकीने तिथेच मोबाइलवर डायरेक्शन कोसाइन काढले: पूर्वेकडे ०, उत्तरेकडे ०.९१९, वर ०.३९४. मला म्हणते, "आई, वर्ग करून बेरीज कर." केली. एक आली. गाइड बघत राहिला.

पण तिला खरं आवडलं ते नाडीवलय यंत्र. आडवा पडलेला जाडजूड गोल ओंडका, त्याची दोन्ही तोंडं विषुववृत्ताच्या प्रतलाला समांतर. मध्ये खुंटी. सहा महिने उत्तरेकडच्या तोंडावर ऊन, सहा महिने दक्षिणेकडच्या. आज दक्षिणेकडच्या तोंडावर होतं. ती म्हणाली, "प्रतल कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे त्याचा लंब सांगतो, आणि ही खुंटीच लंब आहे. पुस्तकातून प्रतल काढलं, पण इथून कोण काढणार?"

मग शिप्रेच्या काठी भुट्टे खाल्ले. उज्जैनपर्यंतचं डिझेल वसूल.

सांवेररोडवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.००

ताई, दिवाळी आली. पोरीला कामट्यांचा आकाशकंदील करायला लावा. माझे वडील करायचे तो सांगतो. सारख्या लांबीच्या २४ कामट्या. त्यांचे ६ चौकोन बांधायचे. मग चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत जायचं. शेवटी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही.

एक ध्यानात ठेवा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनात आधी दोन्ही कर्णांना घट्ट दोरा बांधायचा. कामटी ३० सेंटीमीटरची असेल तर दोरा ४२.४. मग कागद लावेपर्यंत कंदील वाकडा होत नाही. कामट्या बांबूवाल्याकडून तासूनच आणा, घरी तासाल तर हात कापेल.

निवृत्त_खडू | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

दादांनी कमाल केली! बाळा, आता त्या कंदिलाच्या मध्यभागी आरंभबिंदू धर आणि १२ कोपऱ्यांचे निर्देशक लिही. इशारा: प्रत्येकात एक शून्य, आणि बाकी दोन १ किंवा −१. सगळे लिहून झाले की मध्यापासून कोपऱ्याचं अंतर आणि कामटीची लांबी यांची तुलना कर.

जिरावण | १३ ऑक्टोबर, रात्री १०.४०

(लेक) दोन्ही √२!! म्हणजे मध्यापासून प्रत्येक कोपरा बरोबर एक कामटी लांब. मग बल्ब कुठे येणार ते मला कंदील करायच्या आधीच माहीत आहे.

कढीपत्ता | १४ ऑक्टोबर, सकाळी १०.००

चाचणीचं काय झालं पण? विचारते म्हणून राग मानू नका, माझं लक्ष तिथेच.

जिरावण | १४ ऑक्टोबर, दुपारी ३.००

राग कसला! झाली. १४ पैकी ९. दोन गुण पुन्हा त्या उण्यावरच गेले. 🤦‍♀️

जिरावण | १७ ऑक्टोबर, रात्री ९.१५

आज वसुबारस. कंदील लागला. पिवळा पतंगी कागद, खळ आजींनी शिजवली. रामबागकर, तुम्ही पाठवलेली सुतळी कामी आली.

आता ऐका गंमत. ठरलं होतं चौकोन वर ठेवून टांगायचा. ह्यांनी शिडीवर चढून घाईत दोरा बांधला तो त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांना. खालून शेजारच्या काकू म्हणाल्या, "कंदील वाकडा लागलाय हो." मीही म्हटलं, काढा आणि नीट लावा. लेक अंगणात उभी राहून वर बघत होती, एकदम ओरडली, "बाबा, हात लावू नका!"

वर तीन कोपरे, खाली तीन, आणि मध्ये सहा, सगळे एका पातळीत. मी बघितलं, खरंच, कंदिलाच्या पोटावर सरळ षटकोन बसलेला. चौकोनाने टांगला असता तर वर चार, मध्ये चार, खाली चार आले असते. ती आत पळाली, वही घेऊन आली आणि ते बारा निर्देशक काढून एकेकाची बेरीज करायला लागली. (१, −१, ०) शून्य. (०, १, −१) शून्य. सहांची बेरीज शून्य, वरच्या तिघांची २, खालच्या तिघांची −२.

"आई, हे एक्स + वाय + झेड = ० आहे. हे प्रतल आहे. आपल्या दारात लटकतंय."

ह्यांना वाटतंय आपण मुद्दामच तसा टांगला. चार दिवस सगळ्यांना तेच सांगणार आहेत.

सांवेररोडवाला | १७ ऑक्टोबर, रात्री ९.४०

ताई, त्रिकोणाने टांगला तर उंची ४२ च्या जागी ४९ सेंटीमीटर होते. दारात डोक्याला लागत नाही ना, बघून घ्या.